कॉरीन थ्रेलफॉलचा तास

शाळेत जो विषय कुणालाच नको होता तो कॉरीन थ्रेलफॉलच्या गळ्यात पडला, कारण तिचा स्वतःचा विषय शाळेनं बंद करून टाकला होता. ती शिवणकाम शिकवायची. शिलाईची यंत्रं विकली गेली, तिची खोली संगणकांना दिली, आणि आमचे हेडमास्तर हेसकेथ तिला म्हणाले, "तुला पोरांशी छान बोलता येतं, कॉरीन. पी.एस.एच.ई. तू घे." इंग्लंडच्या किनाऱ्यावर, फ्लीटवुडच्या बाजूला आमच्या शाळेत या चार अक्षरांचा अर्थ सरळ होता: शरीर, मन, नाती, दारू, नशा, आणि जे जे आईबापांना पोरांशी बोलायची लाज वाटते ते सगळं. मार्क नाहीत, परीक्षा नाही. बाकीचे मास्तर या तासाला वह्या तपासत बसायचे.

तिला जागा मिळाली ती व्यायामशाळेच्या मागची, कचऱ्याच्या डब्यांशेजारची तात्पुरती केबिन. समुद्रावरचं वारं सुटलं की तिचं छत धाडधाड वाजायचं. वर्गात कमी ऐकू येणारी एक मुलगी होती. तिच्या शेजारी बसून तिला सगळं लिहून देणं हे माझं काम, म्हणून कॉरीनचे तास मी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिले.

पोरं त्याला 'केळ्याचा तास' म्हणायची. निरोध कसा वापरायचा ते ती केळ्यावर दाखवायची, त्यावरून.

"मिस, आज केळं नाही?" कॉनर रिमर नावाचा एक वात्रट पोरगा मागून ओरडायचा. "मी सकाळपासून उपाशी आहे."

"मागच्या वेळचं आहे बघ कपाटात," कॉरीन म्हणायची. "रबराचा वास येईल थोडा. चालेल ना?"

हसून हसून वर्गाची मुरकुंडी वळायची आणि त्या हसण्यातच ती कामाचं बोलून घ्यायची. एकदा एका मुलानं विचारलं, रडावंसं वाटलं तर काय करायचं. सगळे खिदळले. कॉरीन हसली नाही. "रडायचं," ती म्हणाली. "मग नाक शिंकरायचं. मग ज्याच्यावर भरवसा आहे त्याला जाऊन सांगायचं. तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड, म्हणून आज आपण तीच शिकू." त्या दिवशी केबिनमध्ये छताखेरीज कशाचाच आवाज नव्हता.

अशी बाई. आणि तिचा नवरा क्लाइव्ह म्हणजे सगळ्या गावाचा लाडका. उंच, गोरापान, शाळेच्या जत्रेत सोडतीची तिकिटं विकायला पुढे, म्हाताऱ्या बायकांना रस्ता ओलांडून देणारा. शाळा सुटली की त्याची गाडी फाटकाशी हजर. पाऊस असो, वारा असो, तो यायचाच. शिक्षकांच्या खोलीत बायका म्हणायच्या, "नाहीतर आमचा बघ! मी वाटेत मेले तरी याला रात्रीच्या जेवणालाच कळेल."

कॉरीन पूर्वी चर्चच्या गायकवृंदात गायची. ते सुटलं. दर शुक्रवारी आम्ही काही जणी नाक्यावरच्या पबमध्ये बसायचो, तिथं येणंही सुटलं. "क्लाइव्हला एकटं जेवायला आवडत नाही गं," ती म्हणायची. तिचे लाल शूज गेले, मग कानातली गेली. हळूहळू ती राखाडी रंगाची झाली. हे सगळं इतक्या सावकाश झालं की रोज पाहणाऱ्याला त्यात काही वेगळं दिसलंच नाही.

एक गोष्ट मात्र वर्गातल्या सगळ्यांना माहीत होती. प्रत्येक तासाला कधीतरी तिचा फोन टेबलावर थरथरायचा. मग ती बोलता बोलता फोन उचलायची, फळ्याचा फोटो काढायची, पाठवायची आणि पुढे शिकवायला लागायची. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाली, "नोंदीसाठी लागतो." मला वाटलं, हेसकेथांनी काढलेला काहीतरी नवा नियम असेल.

धाक आणि पाळत ठेवून जोडीदाराला मुठीत ठेवणं हा कायद्यानं गुन्हा ठरला, त्याच्या पुढच्या वर्षी तो धडाही तिच्या वाट्याला आला. वर्ग पंधरा वर्षांच्या मुलांचा. फळ्यावर तिनं तीन रकाने आखले: हिरवा, पिवळा, लाल. पोरांना कार्डं वाटली. प्रत्येक कार्डावर एक वाक्य. 'मित्रांना भेटायला जाऊ देत नाही.' 'वाढदिवस विसरतो.' 'कुठले कपडे घालायचे ते ठरवते.' आपलं कार्ड कुठल्या रकान्यात जातं ते पोरांनी ठरवायचं आणि का ते सांगायचं.

"वाढदिवस विसरतो, लाल," कॉनर म्हणाला. "सरळ फाशी."

डेमी गॉर्नलकडे जे कार्ड आलं त्यावर लिहिलं होतं, 'जिथं आहेस तिथला फोटो पाठवायला लावतो.' डेमी फारशी बोलणारी मुलगी नव्हती. ती उठली आणि कार्ड लाल रकान्यात चिकटवून आली.

"पिवळ्यात चालेल का बघ," कॉरीन म्हणाली. "परिस्थितीवर असतं ते. कुणाला खरंच काळजी वाटत असेल."

"नाही मिस," डेमी म्हणाली. "काळजी असली तर 'पोचलीस का' असं विचारतात. फोटो मागणारा पुरावा मागतो."

"पण तो प्रेमानं मागत असेल तर?"

"मग एकदा पाठवू नका आणि बघा काय होतं," डेमी म्हणाली. "काहीच झालं नाही तर पिवळा. भीती वाटली तर लाल."

तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरला.

कॉरीनचा हात सवयीनं गेला. तिनं फोन उचलला, फळ्याकडे धरला आणि फोटो काढला. तिन्ही रकाने, सगळी कार्डं, वरती ठळक अक्षरांत धड्याचं नाव. तिनं बटण दाबलं आणि तो गेला.

"कुणाला पाठवता हो, मिस?" कॉनरनं हसत विचारलं.

दोघं तिघं हसले. बाकीचे नाही. मग हसणारेही थांबले. वीस-पंचवीस पोरं तिच्या हातातल्या फोनकडे बघत होती. कॉरीनच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरताना मी पाहिलं. फळ्यावरचं वाक्य तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, आणि जणू ते ती पहिल्यांदाच वाचत होती. मग ती फोनकडे बघून पुटपुटली, "अरे देवा, गेला." तेव्हा मला कळलं की ती पोरांना घाबरली नव्हती. तो फोटो बघणाऱ्याला घाबरली होती.

त्या दिवशी क्लाइव्हची गाडी शाळा सुटायच्या कितीतरी आधी फाटकाशी येऊन उभी राहिली.

तो तिच्यावर ओरडला नाही. तो हेसकेथांकडे गेला. त्याच आठवड्यात हेडमास्तरांच्या खोलीत बसून, चहा पीत, डोळ्यांत पाणी आणून तो म्हणाला की माझ्या बायकोची मनःस्थिती बरी नाही, हे असले विषय तिच्या डोक्यात जाऊन बसतात, तिला घरात भलतंसलतं दिसायला लागलंय. हेसकेथ काही दुष्ट नव्हते. त्यांनी कॉरीनला बोलावून सांगितलं, "थोडी विश्रांती घे. तुझा नवरा किती काळजी करतो तुझी! नशीबवान आहेस."

त्या खोलीतून ती बाहेर आली तेव्हा मी दारातच होते.

"तू त्यांना खरं सांगितलंस का?" मी विचारलं.

"काय सांगू, मॅक्सीन? त्यानं कधी हात नाही उगारला माझ्यावर. तो म्हणणार, हिला वेड लागलंय. आणि मी जे काही बोलेन ते वेडाचंच वाटेल. तो माझ्याआधी पोचला गं. तो नेहमीच माझ्याआधी पोचतो."

त्यानंतर ती शाळेत आली नाही. तिचे तास भूगोलाच्या मास्तरांना दिले. ते पडद्यावरची वाक्यं वाचून दाखवायचे आणि घड्याळ बघायचे. तिचा फोन बंद लागायचा. क्लाइव्ह बेकरीत भेटला की सांगायचा, "डॉक्टर म्हणतात, शांतता हवी. भेटीगाठी नकोत." लोक त्याच्या हातात केक द्यायचे, घरी न्यायला.

डेमी गॉर्नल एके दिवशी थेट हेडमास्तरांच्या दारात जाऊन उभी राहिली. मी तिच्या मागेच होते.

"सर, मिस थ्रेलफॉलना घरी जाऊन कुणी बघितलं का?"

"मिस्टर थ्रेलफॉल घेतायत त्यांची काळजी, डेमी."

"हो ना. म्हणूनच विचारतेय."

हेसकेथांनी तिला वर्गात जायला सांगितलं. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "माझी आईसुद्धा अशीच 'आजारी' होती, मिस. दोन वर्षं. सगळी गल्ली तिच्या नवऱ्याला डब्यातून जेवण पाठवत होती. आईला कुणी विचारलं नाही. तुम्ही मोठ्या आहात. तुम्ही जा ना."

मी गेले. क्लाइव्हनं हसत दार उघडलं, पण पुरतं नाही. त्याच्या खांद्यामागं, जिन्याच्या खालच्या पायरीवर, कॉरीन बसली होती. घरातला झगा, केस विंचरलेले. इतकी बारीक झाली होती की तिच्या मनगटावरचं हाड दिसत होतं.

"राणी, मॅक्सीन आलीय बघ," तो वळूनही न बघता म्हणाला. "सांग तिला, कशी आहेस."

"मी बरी आहे," कॉरीन म्हणाली. "जा तू, मॅक्सीन."

"मी जरा आत येऊन बसू?"

"जा म्हणते ना!" तिचा आवाज फुटला, आणि लगेच ती नवऱ्याच्या पाठीकडे बघायला लागली. दार बंद झालं.

मी पोलिसांना फोन केला. दोन शिपाई त्यांच्या घरी गेले आणि थोड्या वेळानं परत आले. बाईनं स्वतः सांगितलं की काही तक्रार नाही, मग आम्ही काय करणार, असं ते मला म्हणाले. खोटं नव्हतं ते. त्यांच्यापैकी एक तरुण पोरगी होती. जाताना म्हणाली, "तुम्ही परत फोन करा. दर वेळी करा. कंटाळू नका." मी केले. दर वेळी कॉरीननं तेच सांगितलं. नंतर तिच्या नंबरवरून मला निरोप आला: कृपा करून आमच्या संसारात पडू नकोस. तिनं लिहिला की त्यानं, ते मला आजही माहीत नाही.

हिवाळा सगळा असाच गेला. संध्याकाळी ट्रामनं घरी जाताना त्यांच्या गल्लीचं तोंड दिसायचं. वरच्या खोलीत दिवा असायचा. आहे, जिवंत आहे, एवढंच मी मनाशी म्हणायचे. दुसरं काही हातात नव्हतं.

पुढचं मला कॉरीननं नंतर सांगितलं.

गर्भाशयाच्या मुखाची तपासणी करायला दवाखान्यातून तिला बोलावणं आलं होतं. टाळलं तर दवाखान्यातून विचारणा होईल, म्हणून ते टाळून चालणार नव्हतं. क्लाइव्ह गाडीनं घेऊन गेला, तिचा कोट आणि पर्स मांडीवर घेऊन बाहेर बसला. आत येतो म्हणाला तेव्हा नर्सनं सांगितलं, "इथं नवरे नाहीत हं. बाहेर मासिकं आहेत, बसा." कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिच्या आणि त्याच्यामध्ये एक बंद दार आलं.

कॉरीन कागदाची चादर अंगावर ओढून पडली होती. नर्स हातमोजे घालता घालता, सगळ्यांना विचारते तसंच, सहज म्हणाली, "घरी सगळं ठीक ना? तुम्हाला सुरक्षित वाटतं ना?"

कॉरीननं 'हो' म्हणायला तोंड उघडलं. 'हो' निघालं नाही. नर्सनं हातमोजे काढले आणि खुर्ची ओढून जवळ बसली. मग कॉरीन म्हणाली, "हे मी शिकवते."

"काय शिकवता?"

"हेच. हा प्रश्न. पंधरा वर्षांच्या मुलांना मी हे शिकवते." आणि मग ती थांबेनाच. "मला सगळी लक्षणं पाठ आहेत. मी रकाने आखून दिलेत. तरी मला घरी जायचंय. तो बाहेर बसलाय, उशीर झाला तर विचारेल. मला काय सांगायचं ते आधीच ठरवून द्या ना. प्लीज, काहीतरी सांगा."

"तुम्हाला घरी जायलाच हवं असं नाही," नर्स म्हणाली.

"मग कुठं जाऊ?" कॉरीननं विचारलं. मला सांगताना ती म्हणाली, त्या क्षणी मला खरंच वाटत होतं की जगात दुसरी जागाच नाही.

नर्सनं कडी लावली आणि फोन केले. मग बाहेर डोकावून क्लाइव्हला सांगितलं की जरा जास्त वेळ लागेल. औषधांच्या खोलीतून मागचं दार होतं. नर्सनं स्वतःचं स्वेटर तिच्या अंगात घातलं. टॅक्सी आली. कॉरीन मागच्या बाकावर खाली वाकून बसली. टॅक्सी दवाखान्याला वळसा घालून पुढे आली तेव्हा समोर तिचा नवरा काचेआड तिचा कोट सांभाळत बसलेला तिला दिसला. तिला त्याची दया आली. "माझा कोट त्यानं किती नीट घडी घालून ठेवला होता," ती म्हणाली. "मी जवळजवळ उतरलेच होते."

अशा बायकांसाठी जी आसऱ्याची घरं असतात त्यांचा पत्ता कुणाला सांगत नाहीत. मलाही कळला नाही. एवढंच कळलं की ते डोंगरापलीकडच्या एका शहरात होतं. काही आठवड्यांनी तिचा फोन आला, नव्या नंबरवरून.

"मॅक्सीन, मी स्टेशनवर आहे."

"कुठल्या?"

"इथल्याच. मी परत येतेय." मागून गाड्यांच्या घोषणा ऐकू येत होत्या. "माझ्या खोलीत एक खाट आहे आणि शेजारच्या खोलीतलं बाळ दिवसभर रडतं. स्वयंपाकघरात बायका हसतात तेव्हा मला धडकी भरते. मला काहीच ठरवता येत नाही गं. दुकानात गेले तर कुठला पाव घ्यायचा ते कळत नाही. तो ठरवायचा. सोपं होतं."

"येऊ नकोस, कॉरीन."

"त्याला स्वयंपाक येत नाही."

"त्याला अख्खं गाव जेवू घालतंय," मी म्हणाले. "तुझ्या हेसकेथनं परवा मांस भरलेली कचोरी पाठवली."

ती हसली. हसता हसताच रडायला लागली, आणि मोठमोठ्यानं म्हणाली, "मग माझं काय काम? कुणालाच माझी गरज नाही. तिथंही नाही, इथंही नाही. मी कुठं जाऊ, सांग ना!" गाडी कधी सुटते एवढंच मी विचारत राहिले. ती सांगत राहिली की अजून आहे, अजून आहे. मग म्हणाली, "गेली." दुसऱ्या दिवशी ती पुन्हा स्टेशनवर होती. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. प्रत्येक वेळी आम्ही बोलत राहिलो आणि गाडी जात राहिली. मी तिला वाचवलं असं मी म्हणणार नाही. कधी कधी वाटतं, आम्ही नुसत्याच फोनवर होतो.

क्लाइव्हवर खटला उभा राहिला नाही. पोलिसांनी चौकशी केली, शेजारीपाजारी म्हणाले, देवमाणूस आहे. मारल्याची खूण नाही, साक्षीदार नाही. कॉरीनला जबाब पुरा करता आला नाही; मध्येच तिला ओकारी व्हायची. जीवरक्षक बोटीच्या वर्गणीचा डबा घेऊन तो अजूनही बंदरावर उभा असतो. मी रस्ता बदलते. आमच्या गावात पुष्कळ लोक अजूनही म्हणतात की ती शिक्षिका डोक्यावर परिणाम होऊन पळाली, आणि बिचाऱ्याला तपासणीच्या खोलीबाहेर कोट घेऊन बसवून गेली.

घटस्फोट झाला. राहत्या घराबरोबर तिचं गाव गेलं, बंदर गेलं, आईची कबर गेली. तिथं फुलं ठेवायला ती येऊ शकत नाही. शिकवणंही गेलं. पलीकडच्या शहरात एका शाळेनं तिला बोलावलं होतं. पोरांसमोर ती उभी राहिली, चार चेहरे वर झाले, आणि तिची बोबडी वळली. आता ती एका कारखान्यात सोफ्यांच्या खोळी शिवते. तिच्या हाताला ते जमतं. बोलावं लागत नाही.

मागच्या वसंतात मी तिला भेटायला गेले. पुलाजवळच्या एका छोट्या खानावळीत बसलो. तिचे केस पांढरे झालेत. दाराकडे पाठ करून ती बसत नाही, म्हणून आम्ही जागा तीनदा बदलली. तिनं डेमीची चौकशी केली.

"ट्रामवर तिकिटं तपासते," मी सांगितलं. "भेटली की पहिलं तुझंच विचारते."

"मी वर्गात तिला चूक ठरवायला बघत होते," कॉरीन म्हणाली. "तिनं मला हाताला धरून दाखवलं आणि मी म्हटलं, पिवळ्यात लाव." ती बराच वेळ मेजावरचा डाग नखानं खरवडत राहिली. "लोक म्हणतात, सुटलीस. हो, सुटले. पण सुटून कुणाकडे जायचं, ते नाही सांगत कुणी."

मी काहीतरी समजुतीचं बोलणार होते, तेवढ्यात जेवण वाढणारी पोरगी येऊन उभी राहिली. मी माझं सांगितलं. कॉरीननं पदार्थांची पाटी वाचली, पुन्हा वाचली. माझ्याकडे बघितलं, मग पोरीकडे. तिच्या वरच्या ओठावर घाम आला. मी मदत करायला तोंड उघडलं, पण तिनं हात वर करून मला थांबवलं. पोरगी बिचारी पेन्सिल धरून उभी होती. मागच्या मेजावरचे लोक हाका मारायला लागले.

शेवटी कॉरीननं मटाराचं सूप मागवलं.

ते आलं. तिनं एक चमचा चाखला, दुसरा चाखला.

"मला नाही आवडलं," ती म्हणाली आणि वाटी बाजूला सारली.